एक जूनचं व्याज

जुलै महिन्यात माझ्याशी कामाशिवाय बोलायचं नाही, हे आमच्या घरी मांजरालासुद्धा माहीत होतं. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या घराच्या रस्त्याकडच्या खोलीत बसून मी तीसेक वर्षं लोकांचे आयकराचे रिटर्न भरले. पाटीवर ‘हिरेमठ, कर सल्लागार’ असं होतं, पण सल्ला घ्यायला फार थोडे येत. बाकीचे यायचे ते झालेलं निस्तरायला. मी तापट आहे. कॅरीबॅगमधल्या चुरगळलेल्या पावत्या टेबलावर ओतणाऱ्या माणसाला मी पावत्यांसकट दारापर्यंत पोचवलेलं आहे. तरी गिऱ्हाईक कधी तुटलं नाही. एवढी चिडते म्हणजे हिला काहीतरी येत असणार, असं लोकांना वाटत असावं, आणि ते काही चूक नव्हतं.

आता काम थांबवल्यावर ओळखीचे लोक विचारतात, सगळ्यात जास्त भांडणं कशावरून झाली? करावरून नाही. कर लोक शिव्या देत का होईना, भरतात. भांडणं झाली ती करावरच्या व्याजावरून. तेव्हा ते व्याज काय असतं हे आधी सांगून टाकते.

पगारदाराचा कर दर महिन्याच्या पगारातूनच कापला जातो. पण ज्याचं उत्पन्न असं कापून येत नाही, म्हणजे धंदा आहे, भाडं येतं, जागा विकली, त्याने वर्ष संपायची वाट बघायची नसते. अंदाज बांधून जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या चार महिन्यांच्या पंधरा तारखेच्या आत हप्त्याहप्त्याने कर भरत राहायचं. याला ॲडव्हान्स टॅक्स म्हणतात. हप्ता चुकला किंवा कमी पडला, की महिन्याला एक टक्का व्याज. महिना उलटून एक दिवस वर गेला तरी अख्खा महिना धरतात. रिटर्न भरताना हे व्याज संगणक आपणहून मांडतो. तिथे कुणी साहेब बसलेला नसतो, की ज्याच्यापुढे जाऊन गयावया कराव्यात.

पूर्व भागातले एक टॉवेलवाले होते. घरचेच माग, माणूस अगदी सरळ. पहिल्या वर्षी त्यांना मी चारही हप्ते नीट समजावून दिले. त्यांनी ऐकून घेतलं, शेजारी बसलेल्या बायकोशी तेलुगूत काहीतरी बोलले, आणि मला विचारलं की आगाऊ पैसे देतोय तर सूट किती मिळणार? सूट नाही म्हटल्यावर ते मनापासून दुखावले. सूतवालासुद्धा रोख दिले की काहीतरी सोडतो, आणि हे सरकार काहीच सोडत नाही म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या वर्षी व्याज बसलं तेव्हा ते म्हणाले, दंड भरायला मी काय चोरी केलीय का? मी सांगितलं, अहो, दंड गुन्ह्याला असतो. हे व्याज आहे. सरकारचे पैसे थोडे दिवस तुमच्या खिशात राहिले, त्याचं भाडं समजा. हे उत्तर मला इतकं आवडलं, की पुढे मी ते सगळ्यांनाच देऊ लागले. एका बाईंनी मात्र ते उत्तर माझ्या टेबलावर परत आणून आपटलं. त्या गायकवाड बाई.

गायकवाड बाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिका. मूळच्या जेऊरजवळच्या एका वस्तीवरच्या, घर जुळे सोलापूरला. आई अजून गावीच, भावाकडे. बाई स्कूटीवरून यायच्या, पाठ ताठ, प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लाल शाईने नंबर घातलेला. त्यांचा रिटर्न म्हणजे मला जुलैतली सुट्टी वाटायची. पहिल्यांदा आल्या तेव्हा पॅनकार्डावरची तारीख वाचून मी म्हटलं, वा, एक जून, म्हणजे नुकताच वाढदिवस झाला की. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“तो माझा वाढदिवस नाही,” त्या म्हणाल्या. “गुरुजींना विचारायचा कंटाळा आला, त्याची ती तारीख आहे.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी खेड्यातल्या शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला कुणाकडेच नसायचा. शाळा जूनमध्ये सुरू होणार आणि पोराला सहा वर्षं पूर्ण हवीत, म्हणून गुरुजी सरसकट एक जून लिहून मोकळे व्हायचे. माझ्या गिऱ्हाइकांत अशी एक जूनवाली मंडळी इतकी होती, की त्या दिवशी शुभेच्छांचे फोन करायचे तर सकाळ पुरली नसती. बाकीचे त्यावर हसायचे, बाई हसत नसत. त्यांचा जन्म धुळवडीचा, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. ही बौद्धवस्ती गावाबाहेरची, इथल्या आयांना काय विचारायचं, असं त्या गुरुजींना वाटलं असणार, ही गोष्ट त्यांच्या मनात रुतून बसली होती. अठ्ठावन्नला निवृत्त झाल्या त्याही एकतीस मेला, तालुक्यातल्या अनेक एक जूनवाल्यांबरोबर. एकाच मांडवात सगळ्यांना शाली, सगळ्यांना मिळून एकच भाषण. मला एवढ्या नोकरीत माझा म्हणून एक दिवससुद्धा मिळाला नाही, असं त्या मला म्हणाल्या होत्या, आणि मी पुढचा कागद मागितला होता.

निवृत्तीनंतर त्यांनी आपला एक प्लॉट विकला. स्वतःच्या पगारातून घेतलेला, मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटला हातभार म्हणून काढला. नफ्यावर बऱ्यापैकी कर बसणार होता आणि तेवढे पैसे त्यांनी बँकेत बाजूला काढूनही ठेवले होते. जुलैत रिटर्नला आल्या. मी आकडे घातले आणि पडद्यावर कराच्या खाली व्याज उमटलं, वीस हजारांच्या वर. ॲडव्हान्स टॅक्सचा एकही हप्ता भरलेला नव्हता.

बाई म्हणाल्या, यंत्र चुकलं आहे. त्यांनी नियम वाचला होता. साठ पूर्ण झालेल्या आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्या माणसाला ॲडव्हान्स टॅक्सची सक्ती नसते, तो सगळा कर शेवटी एकदम भरू शकतो. आर्थिक वर्ष एकतीस मार्चला संपतं आणि त्याच्या आत एखादा दिवस जरी साठी भरली तरी ती सवलत मिळते. हे सगळं बरोबर होतं. बाईंची साठी त्या वर्षीच्या धुळवडीला भरली होती, म्हणजे मार्चच्या आत. फक्त कागदावर ती एक जूनला भरत होती, म्हणजे वर्ष संपल्यावर. दोन महिन्यांनी सवलत हुकली होती.

बाईंसारख्या काटेकोर बाईंनी अशी चूक कशी केली, असं कुणाला वाटेल. आपलं वय मोजताना आपण पॅनकार्ड काढून बघतो का? त्यांनी ते आईने सांगितलं तसं मोजलं होतं.

मी माझं ठरलेलं उत्तर दिलं, की हा दंड नाही, व्याज आहे. तेव्हा त्या म्हणाल्या, “मॅडम, व्याज ज्याने पैसे वापरले त्याने द्यायचं ना? मी सरकारचे पैसे वापरले नाहीत. सरकारने माझी तारीख वापरली. इतकी वर्षं.”

मी एवढंच म्हटलं, की आधी व्याज ज्याच्यावर लागतं तो कर तरी नीट मोजू. प्लॉटला कुंपण घातलं होतं का, बोअर मारली होती का, विकताना मध्यस्थाला काही दिलं का? हा खर्च नफ्यातून वजा होतो आणि लोक तो सांगायलाच विसरतात. दुसऱ्या दिवशी त्या सगळी बिलं घेऊन आल्या, नंबर घालून. नफा उतरला, कर उतरला आणि व्याज सतरा हजारांच्या आसपास आलं. कायद्यात बसेल तेवढा एकेक रुपया मी ओढून काढला होता, आणि तो अभिमान मला आजही आहे. बाईंनी माझे आभार मानले आणि म्हणाल्या, आता उरलेले सतरा हजारही काढू.

त्यांच्या मुलाने पुण्याहून फोनवर तोड सांगितली होती. पॅनवरची तारीख दुरुस्त करायची. आजीचं प्रतिज्ञापत्र करायचं, आधार बदलायचं, मग पॅन बदलायचं, अर्ज सगळे घरबसल्या होतात. बाईंच्या डोळ्यांत मी त्याआधी कधी न पाहिलेली चमक होती. सतरा हजार हे निमित्त होतं. त्यांना धुळवड परत हवी होती.

मी नाही म्हटलं. ‘का?’ असं त्यांनी विचारलं, आणि मी माझा आवाज चढू न देता सांगायचा प्रयत्न केला, जो मला फारसा जमत नाही. सेवापुस्तकातली तारीख नोकरीच्या सुरुवातीच्या काही वर्षांत बदलता येते, आता ती काही केल्या बदलणार नाही. पेन्शन त्या तारखेवर चालतं. पॅन आणि आधारवर धुळवड, पेन्शनच्या कागदांवर एक जून, असं झालं की हयातीच्या दाखल्याला कुठेतरी गाडी अडणार. मग पेन्शन थांबणार, आणि ते परत सुरू करायला तुम्ही या वयात कचेरीचे जिने चढत बसणार. एका निवृत्त तलाठ्याचं नावातल्या एका फरकामुळे असं झालेलं मी पाहिलं होतं. शिवाय तारीख बदलून हाती येईपर्यंत जुलै संपणार, आणि उशिराचं व्याज वर चढणार ते वेगळंच.

मग बाईंनी भलतंच विचारलं. धुळवडीच्या तारखेने त्या मार्चअखेर निवृत्त व्हायला हव्या होत्या. झाल्या मेअखेर. म्हणजे ते दोन पगार त्यांनी जास्तीचे घेतले का? मी म्हटलं, अहो, एप्रिलच्या परीक्षा कुणी घेतल्या, निकाल कुणी लावले? नोकरीची तारीख एक जून, तिच्यात काही खोटं नाही. पण त्यांच्या डोक्यात ते बसलं. तारीख बदलेन आणि मागितले तर ते दोन पगारही परत करेन, असं त्या म्हणाल्या. आता मात्र माझा आवाज चढला. सतरा हजारांच्या व्याजासाठी पेन्शन पणाला लावणाऱ्या माणसाचा रिटर्न मी भरणार नाही, असं मी सरळ सांगितलं. त्यांनी फाइल उचलली आणि गेल्या. रात्रभर मला त्यांचा राग येत होता आणि त्यांचं म्हणणं खरं होतं याचाही.

महिनाअखेर जवळ आली तशा बाई परत आल्या, पण एकट्या नाही. बरोबर त्यांची आई. जेऊरहून गाडीने आलेली, ठेंगणी, काळीसावळी, हिरवं नऊवारी, डोळे लख्ख. प्रतिज्ञापत्र करायला वकिलाकडे जाण्याआधी मजकूर कसा असावा ते मी सांगावं, एवढंच बाईंना हवं होतं. रिटर्न नका भरू, पण एवढं करा, असं म्हणाल्या. मी आजींना चहा विचारला. त्यांनी पाणी घेतलं आणि खोलीतल्या फायलींच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

मी विचारलं, आजी, बाईंचा जन्म कधीचा? धुळवडीचा, त्यांनी लगेच सांगितलं. सुईण रंगलेल्या हातानेच आली होती, आणि पोरीच्या कपाळाला पहिला लागला तो रंग. बाई माझ्याकडे बघत होत्या, ऐकलंत ना, अशा. मजकुरात पुढे घालायचं म्हणून मी विचारलं, मग शाळेत एक जून कसं लागलं? गुरुजींनी तुम्हाला विचारलं नव्हतं ना?

“न्हाय इचारलं,” आजी म्हणाल्या. “सगळ्यांचं एक जून, एक जून लिवत चालला हुता. मीच उटले. म्हनलं, गुरुजी, माज्या पोरीचं तसं न्हाय, ती धुळवडीची हाय. तवा त्यानं मान वर केली. म्हनला, धुळवडीची लिवतो की. पन उद्या पोरगी सरकारी नोकरीला लागली, तर जूनच्या तारखंनं दोन महिनं जास्ती नोकरी हुईल.”

बाईंनी विचारलं, “मग?”

“मग काय? म्हनलं, मग जूनच लिवा. माजी पोरगी नोकरीच करनार हाय.”

त्यावर तिथे बसलेले सगळे हसले होते म्हणे. वस्तीत तेव्हा एकही मुलगी चौथीच्या पुढे गेलेली नव्हती. आजी दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायच्या, त्या दिवशीचा रोज बुडवून शाळेत आल्या होत्या. गुरुजी मात्र हसले नाहीत, त्यांनी लिहिलं, एवढं आजींना आठवत होतं.

मी बाईंकडे बघितलं. त्या आईकडे बघत होत्या. आयुष्यभर ज्या तारखेला त्यांनी दुसऱ्याचा तुच्छपणा मानलं, ती तारीख त्यांच्या आईने उभं राहून मागून घेतली होती. त्यांनी विचारलं, आई, तू ह्ये मला कदीच का न्हाय सांगितलंस? आता त्यांची भाषासुद्धा जेऊरची झाली होती.

“तू कदी इचारलंस?” आजी म्हणाल्या. “तुला समदं ठावंच हुतं.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि जुलैत ते पहिल्यांदाच येत होतं. मग आजींनी कामाचं विचारायला सुरुवात केली. ही पोर एवढी कशापायी भांडतीय, हे त्यांना नीट कळायला हवं होतं. मी सांगितलं, की जूनच्या तारखेमुळे बाई वर्षाच्या आत साठीच्या झाल्या नाहीत, म्हणून सरकार व्याज मागतं आहे. आजींनी ते एकदाच ऐकलं. मग लेकीला विचारलं, ते दोन महिने जास्ती नोकरी झाली का? झाली, बाई म्हणाल्या. पगार मिळाला? मिळाला. किती? बाईंनी आकडा सांगितला. दोन महिन्यांचा मिळून तो दीड लाखाच्या पुढे होता.

आजी माझ्याकडे वळल्या. “आन् ह्ये तुमचं व्याज किती?”

मी सांगितलं, सतराच्या आसपास.

आजींनी बोटांवर काहीतरी मोजलं.

“मग आजून आपलंच वर हाय की,” त्या लेकीला म्हणाल्या. “भर.”

बाई आधी हसल्या आणि मग तोंडाला पदर लावून रडल्या. आजी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, वर्गातल्या पोरीच्या पाठीवरून फिरवावा तसा. वकिलाकडे जायचं राहिलंच. मी संगणक चालू केला. बाईंनी फोनवरून कर आणि व्याज दोन्ही भरले, चलनाचा क्रमांक मी रिटर्नमध्ये घातला आणि आजींच्या समोर तो पाठवला. झालं? आजींनी विचारलं. झालं म्हटल्यावर त्या चहा घ्यायला तयार झाल्या.

या कामात मला फार वाईट वाटेल असं थोडंच आहे. पण एक वाटतं. एवढ्या वर्षांत किती एक जून मी टाइप केले असतील. त्यातल्या कुणालाही खरी तारीख विचारली नाही, कारण माझ्या रकान्यात ती बसणार नव्हती. कुणाची आई उठून उभी राहिली होती आणि कुणाला कुणीच विचारलं नव्हतं, हे मला कधीच कळणार नाही. आता तर सगळं आधीच भरलेलं येतं, समोर माणूस बसायचीही गरज उरलेली नाही.

पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्याच सकाळी दारात स्कूटी थांबली. रिटर्नला अजून वेळ होता, म्हणून मला नवल वाटलं. बाई आत येऊन खुर्चीवर बसल्या आणि विचारलं, आता कागदावरही साठी उलटली, या वर्षी ॲडव्हान्स टॅक्स नाही ना? नाही, मी म्हटलं. नक्की? नक्की. मग त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. मी विचारलं, हे कशाबद्दल? मुलाचं काही?

“नाही,” बाई म्हणाल्या. “आज माझा वाढदिवस आहे.”